समारंभाचं समूहगीत : पट्टी ठरवण्यापासून मंचावरून उतरेपर्यंत

स्वागतगीत सुरू होतं. ध्रुवपद झकास जातं. अंतरा तार सप्तकात चढतो आणि मागच्या रांगेतले पुरुष हळूच ओठ मिटून घेतात. पुढच्या दोघी-तिघी जिवाच्या आकांताने वरचा स्वर गाठतात, बाकीच्या नुसत्या तोंड हलवतात. कार्यक्रम संपल्यावर सगळे म्हणतात, सराव कमी पडला. खरं तर सहा आठवडे सराव झालेला असतो. चुकलेली असते ती पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कुठे धरायचा ते, आणि ती चूक पहिल्याच बैठकीत झालेली असते. दुसरी नेहमीची चूक उठावाची: पंचवीस जणांनी पहिला शब्द पाच वेगवेगळ्या वेळी म्हटला की पुढचं कितीही सुरेल गायलं तरी ऐकणाऱ्याच्या कानात तो पसाराच राहतो. म्हणून या लेखात जास्त जागा या दोन गोष्टींना दिली आहे.

प्रसंग आधी, गाणं नंतर

सांगली-साताऱ्याकडे समूहगीत लागतं ते ध्वजवंदनाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाला, गणेशोत्सवात, कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाला. प्रत्येक ठिकाणी गाण्याचं काम वेगळं. स्वागतगीताला साडेतीन मिनिटं पुष्कळ झाली. चौथ्या मिनिटाला पाहुणे घड्याळ बघतात आणि निवेदक माईकजवळ येऊन उभा राहतो.

दीपप्रज्वलनाच्या गाण्याची गोष्टच निराळी. समईच्या पाच वाती, हातात मेणबत्ती, चार पाहुणे आणि वारा. हे कधी ४० सेकंदांत उरकतं, कधी अडीच मिनिटं चालतं. म्हणून तिथे ठरावीक लांबीचं गाणं घेऊ नका. आठ मात्रांच्या दोनच ओळी फिरत्या ठेवा आणि वृंदप्रमुखाने मूठ मिटली की त्या आवर्तनाच्या अखेरीला समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, थांबा. ही खूण सरावात दहा वेळा तरी, मुद्दाम वेगवेगळ्या जागी, करून बघावी लागते. (वाती लागाव्यात म्हणून सभागृहातले पंखे बंद करतात हेही लक्षात असू द्या. गाणारे घामाघूम होतात आणि घशाला कोरड पडते.)

राष्ट्रगीताला पूर्ण म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात. त्यात दुसरी स्वरओळ, तान, लांबवलेला शेवट असलं काही करायचं नाही. राज्यगीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून अंगीकारलं आहे. दोन कडव्यांचं, सुमारे पावणेदोन मिनिटांचं. ते सुरू असताना सावधान उभं राहायचं असतं, त्यामुळे गाणाऱ्यांनी डुलणं किंवा टाळ्यांनी ठेका धरणं बरोबर दिसत नाही. ते घराघरात पोचवणारा शाहीर साबळ्यांचा आवाज वाईजवळच्या पसरणीचा. पण त्यांचा चढा, एकट्याचा आवाज डोक्यात ठेवून मुलांना त्याच पट्टीत गायला लावलं की फसगत होते. कारण पुढे येतंच.

पट्टी मोजा, अंदाजाने सांगू नका

गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधा. दोन्हींमधल्या पेटीच्या पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या धरून, मोजा. एका सप्तकाला १२ होतात. हौशी मिश्र वृंदाला १५ पर्यंतचं गाणं आरामात झेपतं, १७ ही हद्द समजा. त्याच्यापुढे गेलं तर सगळ्यांनी सगळं गाण्याचा हट्ट सोडा आणि वरच्या ओळी फक्त बायकांना, खालच्या फक्त पुरुषांना द्या.

आता गळ्यांची हद्द. पेटीवर प्रत्येक सप्तकात पांढऱ्या पट्ट्या १ ते ७ आणि काळ्या १ ते ५ अशा डावीकडून मोजतात. सर्वसाधारण बायकांचा वृंद मधल्या सप्तकाच्या खालच्या पांढरी ६ पासून वरच्या पांढरी २ पर्यंत एकसारखा वाजतो. पुरुष नेमके त्याच पट्ट्या एक सप्तक खाली गातात. गाण्याचे दोन्ही टोकांचे स्वर या खिडकीत बसतील असा सा निवडायचा, बस्स.

दोन उदाहरणं घ्या. एक गाणं मंद्र (खालच्या) धैवतापासून तार (वरच्या) षड्जापर्यंत जातं, म्हणजे १५ पट्ट्या. सा काळी १ ठेवला तर खालचा ध येतो काळी ५ वर आणि तार सा वरच्या काळी १ वर. दोन्ही खिडकीत. दुसरं गाणं मध्य षड्जापासून तार गंधारापर्यंत, म्हणजे १६ पट्ट्या. हेही सवयीने काळी १ मध्ये धरलं की तार ग पांढरी ४ वर जातो आणि तिथे बायका किंचाळतात, पुरुष गप्प बसतात. सा तीन पट्ट्या उतरवून खालच्या काळी ५ वर आणा: तार ग बरोबर पांढरी २ वर येतो. गाणं तेच, माणसं तीच, आवाज दुप्पट भरतो.

पेटीवाले काका इथे कुरकुर करतात, कारण बोटं काळी १ ला बसलेली असतात. स्केल चेंजर (बोटं तीच ठेवून पट्टी बदलता येणारी) पेटी असेल तर भांडण मिटतं. नसेल तर त्यांना दोन आठवडे आधी पट्टी सांगा, आदल्या दिवशी नव्हे.

मुलांची खिडकी लहान. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना मधल्या पांढरी १ पासून वरच्या पांढरी २ पर्यंतच द्या. गुरुजी स्वतःच्या खर्जात सांगतात आणि मुलं तो आवाज तसाच पकडायला जाऊन घशात गुरगुरतात. ही अडचण जवळजवळ प्रत्येक शाळेत दिसते. अशा वेळी एखाद्या मुलीकडून किंवा बाईंकडून ओळ म्हणवून घ्या, मुलं लगेच जागेवर येतात. आवाज फुटत असलेल्या सातवी ते नववीच्या मुलग्यांना रांगेतून काढू नका. पाच-सहा स्वरांत बसणारी झील, म्हणजे मागून साथीला म्हणायची ओळ, त्यांच्याकडे द्या.

मोबाइलवरचा ट्रॅक लावून गाणार असाल तर तो मूळ गायकाच्या पट्टीत असतो. ॲपमध्ये तो दोन-तीन पट्ट्या वर-खाली करता येतो, त्यापलीकडे वाद्यं पत्र्यासारखी वाजू लागतात. शिवाय ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. दीपप्रज्वलनाला तर तो अगदीच निरुपयोगी. लावायचाच तर फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर अंतऱ्यात कुणाच्या तरी मामांचा फोन येतो.

एकच स्वरओळ की दोन?

वृंदगान म्हटलं की चार आवाजांच्या पाश्चात्त्य रचना आठवतात आणि मग मराठी चालीखाली कॉर्ड घालायची घाई होते. आमचं मत स्पष्ट आहे: पंचवीस जणांनी एकजीव गायलेली एक ओळ ही डळमळत्या चार ओळींपेक्षा केव्हाही वरचढ. आणि आपल्याकडे समूहाने गायची स्वतःची रीत आहेच. शाहिरामागे झीलकरी उभे असतात, भजनात टाळकरी ओळ उचलतात, गोंधळात साथीदार शेवटचा स्वर धरून ठेवतात. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं तेव्हाही पदं गायला सूत्रधारामागे साथीदार होतेच. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी अमर शेख आणि गवाणकरांच्या जोडीने १९४४ मध्ये उभारलेल्या कलापथकाची ताकदही शाहीर आणि झीलकरी यांच्या देवघेवीत होती. नवं समूहगीत बांधताना हा साचा वापरा. ध्रुवपद सगळ्यांनी, पहिला अंतरा फक्त बायकांनी, दुसरा पुरुषांनी आणि त्याच्या प्रत्येक ओळीअखेर बायकांची दोन मात्रांची झील, शेवटचं ध्रुवपद पुन्हा सगळ्यांनी. एवढ्यानेच गाण्याला चढउतार येतो.

शेवटच्या ध्रुवपदाला दुसरी ओळ जोडायचीच असेल तर भूप रागावरची चाल सर्वांत सोयीची, कारण त्यात अर्ध्या अंतराने शेजारी असलेले स्वरच नाहीत. नियम सोपा: रागातला एक स्वर ओलांडून पुढचा घ्या. सा असेल तिथे ग, रे वर प, ग वर ध, प वर तार सा, ध वर तार रे. मूळ ओळ ‘सा रे ग, प ग रे सा’ असेल तर वरची ओळ ‘ग प ध, सां ध प ग’ होते. पेटीवर दोन्ही एकदम वाजवून बघा, कुठेही टोचणार नाही.

चाल स्वतःच वर गेलेली असेल तेव्हा दुसरी ओळ आणखी वर न्यायची सोय नसते. तिथे एक स्वर ओलांडून खाली उतरा: तार सा खाली प, ध खाली ग, प खाली रे, ग खाली सा. मात्र शेवटच्या सा वर सावध राहा. त्याच्याखाली मंद्र प ठेवला तर शेवट लोंबकळतो, गाणं संपलं की नाही हे श्रोत्यांना कळत नाही आणि टाळ्या अडखळतात. शेवटी सगळ्यांनी सा वरच यावं.

यमनातही हीच युक्ती चालते. भैरवात नी वरून सा ओलांडून पुढे गेलात की कोमल रे येतो आणि तो नी ला घासतो. तेवढी जागा एकस्वरी ठेवा. एका गटाने ओळ सुरू करून आठ मात्रांनी दुसऱ्या गटाने तीच ओळ धरायची, हा खेळ भूपात छान रंगतो. यमनात मात्र तीव्र म आणि प एकाच वेळी आले की कानाला टोचतात.

दुसऱ्या ओळीवर एक तृतीयांशापेक्षा जास्त माणसं ठेवू नका. चोवीसमध्ये आठ. मोठ्या आवाजाची माणसं तिथे नकोत, चांगल्या कानाची हवीत. वरची ओळ आपसूक जास्त ऐकू येते, त्यात मोठा आवाज घातला की मूळ चालच बुडते.

सहा आठवडे, आठवड्याला दोन बैठका, प्रत्येकी सव्वा तास

पहिल्या बैठकीत गायचं नाही. शब्द ठेक्यात बोलायचे, कहरव्याच्या आठ मात्रा हातावर धरून. उच्चारांची भांडणं इथेच मिटवायची. ‘चंद्र’ मधला च तालव्य, ‘चांदणं’ मधला दंत्य. ‘जग’ म्हणजे दुनिया असेल तर ज एका तऱ्हेचा, ‘जगणं’ असेल तर दुसऱ्या. निम्मे असं, निम्मे तसं म्हणाले की शब्दच पुसला जातो. ‘मंगल’ लांबवताना म वरचा अ धरून ठेवायचा आणि अनुस्वार अगदी शेवटी मिटायचा. सुरुवातीलाच नाकात गेला की सगळा वृंद गुणगुणतोय असं वाटतं. ‘सुस्वागतम्’ मधला शेवटचा म् वृंदप्रमुखाच्या बोटाच्या चिमटीवर, सगळ्यांचा एकाच क्षणी. पंचवीस जणांचे ओठ मागेपुढे मिटले तर ‘म्म्म्’ ऐकू येतं.

दुसऱ्या आठवड्यात चाल. तिसऱ्यात दुसरी ओळ, आणि ती सगळ्यांना शिकवा, फक्त आठ जणांना नव्हे. आपल्या कानात शेजारी काय गातोय हे ज्याला ठाऊक असतं तो ओढला जात नाही.

चौथा आठवडा खरा कसोटीचा. पेटी बंद करा आणि फक्त तंबोऱ्यावर गा. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. पेटीच्या आधाराने वृंद गंधाराला कधी कानाने भिडतच नाही. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांचा तंबोरा हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा ॲप चालेल, सा-प लावून. पूर्ण गाणं तंबोऱ्याशिवाय म्हणून बघा आणि संपल्यावर पेटीवर सा दाबा. अर्धी पट्टी उतरलात तर ठीक, एक पूर्ण उतरलात तर कारण शोधा. बहुतेकदा ते तीनपैकी एक निघतं: एकच स्वर चार-पाच वेळा म्हणताना प्रत्येक वेळी थोडा थोडा खाली, अवरोहात पावलं मोठी पडणं, किंवा ओळीच्या अखेरीला श्वास संपलेला असणं. तिसऱ्यावर उपाय म्हणजे श्वासाच्या जागा कागदावर स्वल्पविरामाने लिहून देणं. लांब स्वरावर शेजाऱ्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही, एवढं ठरवलं तरी ओळ तुटत नाही.

लय मोबाइलच्या मेट्रोनोमवर लिहून ठेवा. स्वागतगीताला मिनिटाला ९२ मात्रा ठेवल्या असतील तर मंचावर त्या नकळत शंभरच्या वर जातात. ढोलकीवाल्याच्या पायाशी फोन ठेवा, आवाज बंद आणि नुसता चमकणारा दिवा. घुमणाऱ्या सभागृहात आणखी पाच-सहा मात्रा उतरवा.

पाचव्या आठवड्यात कागद खाली ठेवायचे आणि उभं राहून गायचं. सहाव्यात एक तालीम प्रत्यक्ष जागी, पोशाखासकट. पोशाखाची तालीम कशाला, असं विचाराल तर उत्तर आहे फेटा. फेटा कानावरून बांधला की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज आतून मोठा आणि शेजाऱ्याचा बारीक येतो, आणि वृंद फाटतो. कान मोकळे राहतील असा बांधून घ्या. काचेच्या बांगड्याही माईकजवळ खणखणतात. त्या दिवसापुरत्या कमी घाला किंवा त्या हाताला ताल धरायला लावू नका.

उठाव

हा भाग आकडे मोजून पाठ करायचा. पेटी ध्रुवपदाची शेवटची ओळ वाजवते, आठ मात्रा. ढोलकी एकटी आठ मात्रा. त्या दुसऱ्या आवर्तनाच्या सातव्या मात्रेला वृंदप्रमुखाचा तळहात वर जाऊ लागतो आणि सगळे नाकातोंडाने एकत्र श्वास घेतात. आठव्याला हात वर स्थिर. समेला हात खाली, शब्द बाहेर. गाणं खालीपासून म्हणजे पाचव्या मात्रेपासून उठत असेल तर श्वास तिसऱ्याला, हात स्थिर चौथ्याला. श्वास एकत्र झाला की शब्द आपोआप एकत्र पडतो. म्हणून सरावात नुसता श्वास आणि पहिला शब्द, एवढंच वीस वेळा करा. कंटाळवाणं आहे खरं.

वृंदप्रमुखाने स्वतः गाऊ नये आणि टाळ्या वाजवू नयेत. टाळीचा आवाज माईकमध्ये जातो आणि ती ऐकून गाणारा नेहमी कणभर उशिराच येतो. हात बघून येणारा वेळेवर येतो.

मैदानावर तर याला पर्यायच नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ५० मीटर दूरच्या मुलांपर्यंत स्पीकरचा आवाज पोचायला जवळजवळ ०.१५ सेकंद लागतात. ९६ च्या लयीत एक मात्रा ०.६२ सेकंदांची, म्हणजे ती मुलं पाव मात्रा मागे गातात आणि त्यांचा आवाज परत पुढे येतो तोवर अर्धी मात्रा होते. ध्वजवंदनाला शेकडो मुलं फाटतात ती याच हिशेबाने, बेशिस्तीमुळे नव्हे. वृंदप्रमुखाला मीटरभर उंच टेबलावर उभं करा, ढोलकी मधोमध बसवा, मुलांना हाताकडे बघायला शिकवा. आणि मैदानावर एकच स्वरओळ, दुसरीचा मोह नको.

माईक, हवा आणि परवानग्या

चोवीस जण दोन रांगांत, किंचित अर्धगोलात, म्हणजे पुढची रांग साधारण सहा मीटर. साऊंडवाल्याकडे कंडेन्सर माईक असतील तर दोन पुरेत: पुढच्या रांगेपासून एक मीटरवर आणि एकमेकांपासून तीन मीटर. हे एकास तीनचं प्रमाण पाळलं नाही तर एकच आवाज दोन माईकमध्ये मागेपुढे शिरतो आणि पोकळ वाजतो. हातातले साधे माईकच मिळाले तर चार स्टँडवर, गाणाऱ्यांपासून दीड वितीवर नव्हे, दोन वितींवर आणि एकमेकांपासून दीड मीटरवर. माईक कुणाच्याही हातात देऊ नका. ज्याच्या हातात जातो त्याचंच गाणं होतं. सगळ्यात आधी साऊंडवाल्याला एकच सांगा: इको बंद. दोन ओळींच्या गाण्यात इको घातला की मागचा स्वर पुढच्यावर सांडतो आणि काळजीने बांधलेली दुसरी ओळ चिखल होते.

१५ ऑगस्टला कृष्णाकाठची हवा ओलसर असते. ढोलकीची पुडी सैल पडते, पेटीच्या पट्ट्या अडकतात. वाद्यं किमान अर्धा तास आधी जागेवर आणून उघडी ठेवा आणि मगच लावा. २६ जानेवारीला सकाळी सातला गळे थंड असतात. पंधरा मिनिटं मिटल्या ओठांनी खालच्या पाच स्वरांत गुणगुणा, लगेच तार सप्तक नको. कऱ्हाडला प्रीतिसंगमासारख्या उघड्या जागी वारा माईकमध्ये घोंघावतो, फोमच्या टोप्या मागून घ्या.

रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सणांच्या ठरावीक दिवशी शासन सवलत देतं, ती त्या वर्षी लागू आहे का हे आधी बघा. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटरचा शांतता विभाग असतो. गीताचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. शासकीय किंवा खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाण्याला कायद्यात सूट आहे. संस्थेच्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला ती मिळेल असं धरून चालू नका, आणि चित्रफीत इंटरनेटवर टाकणं ही वेगळीच बाब. नवीन गीत स्थानिक कवीकडून लिहून घेणार असाल तर ते पुढे कुठे, किती वेळा गायचं हे एका कागदावर लिहून सही घ्या.

पाहुणे उशिरा आले तर

येतातच. वृंदाला मंचावर उभं करून ठेवू नका, वीस मिनिटांत पाय अवघडतात आणि श्वास वर राहतो. मागे बसवा, कोमट पाणी घोटभर द्या, ‘एकदा पुन्हा म्हणून बघू’ अजिबात नको. गाडी फाटकात आली की उठवा. मंचावर जाण्याआधी विंगेतच तंबोरा कानाशी धरून सगळ्यांना सा द्या, मिटल्या ओठांनी, अगदी हळू. मंचावर पेटीवाल्याने तो पुन्हा दाबून दाखवायची गरज पडू नये. उतरताना मागची रांग आधी, डावीकडून, आणि ढोलकी सर्वांत शेवटी.